मानाचं लुगडं

माझ्या चुलत भावाने माझ्या आईला फसवलं. मला फसवलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. व्यापारात आज तू, उद्या मी, असं चालतंच. पण त्याने ब्याऐंशी वर्षांच्या, अंथरुणाला खिळलेल्या बाईला फसवलं, तेही देवीच्या दारात, आणि वर मला एक अख्खा डोंगर चढायला लावून.

आमचं मूळ गाव पालीच्या आतल्या बाजूला, भातशेतीचं. गावाच्या मागे डोंगर, डोंगरावर दाट रान आणि माथ्यावर आमची कुलदेवी. भावकीची बारा घरं. दर चैत्र पौर्णिमेला देवीला नवं लुगडं नेसवायचं आणि तिची ओटी भरायची. हा मान दर वर्षी एका घराचा असतो, म्हणजे प्रत्येक घराला तो बारा वर्षांनी मिळतो. त्या घरच्या सवाष्णीने लुगडं नेसवायचं, पहिली ओटी तिची, मग बाकीच्यांच्या. यात ना जमीन आहे ना उत्पन्न. बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो म्हणेल, एवढंच? आमच्याकडे मात्र मेलेल्या बाईची आठवण काढतानासुद्धा म्हणतात, तिने एकदा नेसवलं होतं, किंवा दोनदा नेसवलं होतं.

माझ्या आईने एकदाही नेसवलेलं नाही. ती लग्न होऊन आली त्याच्या आदल्या वर्षी आमचा मान होऊन गेला होता. पुढच्या खेपांना आजी जिवंत होती, आणि सासू असताना सून पुढे होत नाही. मग बारा वर्षांपूर्वी एकदाचा तिचा नंबर लागला. तिने महिनाभर आधी अलिबागला जाऊन स्वतः लुगडं निवडलं. जांभळं, पिवळ्या काठाचं, नऊवारी. पौर्णिमेला पाच दिवस राहिले असताना वडील गेले.

साऱ्या भावकीला सुतक लागलं. त्या वर्षी गुरवाने आपल्या हाताने देवीची पूजा उरकली. तेराव्यानंतर भावकी बसली. थोरल्या घरचे काका, म्हणजे या चुलत भावाचे वडील, मधोमध बसले होते. ते म्हणाले, "मान कोणासाठी थांबत नाही. वर्ष गेलं ते गेलं. आता बारा वर्षांनी." मी तापट माणूस. उठून उभा राहिलो होतो. पण आई आतून म्हणाली, "बस खाली. नियम हाय तर हाय." मी बसलो.

लुगडं तिने ट्रंकेत ठेवलं. देवीच्या नावाने घेतलेलं लुगडं दुसऱ्या कोणाला नेसवत नाहीत. आता ते ती स्वतःही नेसवू शकत नव्हती, कारण ती विधवा झाली होती. सुनेने नेसवायचं आणि तिने बघायचं, असं तिने ठरवलं. दर दिवाळीनंतर ती ते उन्हात धरायची, घडी मोडून उलटी घालायची, कडुलिंबाचा पाला बदलायची. मी एकदा म्हणालो, आई, मी नवीन आणतो की त्या वेळी. तर म्हणाली, "ह्ये देवीचं हाय. माझ्याकडं नुसतं ठेवायला दिलंय."

आता मागच्या वर्षाचं सांगतो. मागच्या वर्षी थोरल्या घराचा मान होता. पौर्णिमेला सहा दिवस राहिले असताना तेच काका वारले. सुतक. गुरवाने पूजा उरकली. म्हणजे काकांनीच सांगितलेल्या नियमाने त्यांच्या घराचं वर्ष गेलं ते गेलं, आणि यंदाचा मान आमचा. यात समजायला अवघड काही नाही.

फाल्गुनात चुलत भावाचा फोन आला. तो माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. म्हणाला, "दादा, पौर्णिमेला सकाळी आठला ठाकरवाडीच्या बाजूने पायथ्याशी या. सगळे मिळून चढू. ती वाट सावलीची आहे, वहिनींना त्रास नको." मी विचारलं, बाकी सगळं ठरल्याप्रमाणे ना? म्हणाला, "ठरल्याप्रमाणेच."

मी जुन्या घरांचं लाकूड विकत घेतो. काशीदपासून अलिबागपर्यंत लोक घरं पाडून बंगले बांधतात, तेव्हा मी जाऊन तुळया, खांब, दरवाजे उचलतो. सतराव्या वर्षी रेवदंड्याला वखारीत हमाल होतो, आज चौलच्या रस्त्यावर माझी स्वतःची वखार आहे. एवढ्या वर्षांत मी एकही तुळई खिळ्याने टोचून पाहिल्याशिवाय घेतलेली नाही. वरून सोन्यासारखी दिसते आणि आत वाळवीने माती केलेली असते. हे मला कळतं. तरीही भावाचा शब्द मी तसाच उचलला.

आदल्या रात्री आम्ही दोघं नवराबायको पालीत मुक्कामाला होतो. पहाटे बल्लाळेश्वराचं दर्शन घेतलं, आणि पावणेआठला वाडीच्या शेवटच्या घरापाशी गाडी लावली. कोणी नव्हतं. साडेआठ झाले तरी कोणी नव्हतं. भावाचा फोन लागत नव्हता.

एका अंगणात चाळिशीतली एक बाई मोहाची फुलं वाळत घालत होती. बायकोने तिला विचारलं, "ताई, देवीला जाणारी माणसं इथून गेली का?"

"तुमची मानसं व्हय? ती काल सांजचीच गेली वर. हिकडनं न्हाय, पल्याडच्या पायऱ्यांनी. ढोल बी होता बरोबर."

मी म्हणालो, "पुढे तयारीला गेले असतील."

बाईने माझ्या पोटाकडे पाहिलं, पायातल्या चपलांकडे पाहिलं. "हिकडनं चढणार तुम्ही?"

"सावलीची वाट आहे ना?"

"सावली हाय," ती म्हणाली. "वाट न्हाय."

पलीकडे जायचं तर गाडीने वळसा घालून दीड तास, आणि मग पायऱ्या. दुपारच्या आत देवीपाशी पोचायला हवं होतं. मी तिला म्हणालो, तू वाट दाखव. ती तयार झाली. लगेच मी म्हणालो, हे गाठोडं घे, बाटल्या मी घेतो. गाठोड्यात आईचं लुगडं होतं, खण, नारळ, तांदूळ, हळकुंडं, बांगड्या. तिने हात मागे घेतले. "ते म्या न्हाय घ्यायची. ज्याच्या घरचं त्यानंच न्यायचं. आन् खाली बी टेकवायचं न्हाय वर जाईस्तवर. ठाव हाय ना?"

मला ठाऊक होतं. तिला ठाऊक आहे का, ते मी बघत होतो. नाही, हे खोटं आहे. मला ओझं नको होतं.

आठ चाळीसला निघालो. पहिला टप्पा शेतांचा. भाताची कापलेली धसकटं पायाला टोचत होती. मग रान सुरू झालं, आणि रान सुरू होताच चढ. चैत्रात पानगळ झालेली असते. ऐनाची, सागाची वाळलेली पानं घोट्यापर्यंत साचलेली होती. पाय टाकला की तो पानांवरून सरकायचा आणि दीड पाऊल चढून एक पाऊल खाली यायचा. सावली होती हे खरं. पण वाऱ्याचं नाव नव्हतं. रानाच्या आत हवा अशी साचलेली, जणू पातेल्यावर झाकण ठेवलंय. अर्ध्या तासात माझा सदरा पाठीला चिकटला आणि उजवा गुडघा बोलायला लागला.

मी गुडघ्याशी घासाघीस सुरू केली. त्या समोरच्या ऐनापर्यंत चल, मग बसू. ऐन आला की म्हणायचं, आता इथपर्यंत आलास, तर त्या किंजळापर्यंत चल. गिऱ्हाइकाला असंच वर चढवत न्यायचं असतं. चार-पाच झाडांनंतर गुडघ्याने डाव ओळखला आणि मी बसलो. बसताना गाठोडं बायकोच्या हातात दिलं. ती बसली की ते माझ्या हातात. दोघांना एकाच वेळी बसता येत होतं, पण कोणाच्या तरी मांडीवर ते हवंच. अशा वेळी दोन किलोचं गाठोडं म्हणजे धान्याचं पोतं होतं.

"किती राहिलं?" मी विचारलं.

"ह्ये काय, आलंच," बाई म्हणाली.

"आलंच म्हणजे किती?"

"तुमच्या चालीनं का माझ्या?"

बायको हसली. सकाळपासून पहिल्यांदा. मला हसू आलं नाही.

"शेठ लाकडाचा धंदा करतात," बायको तिला म्हणाली. "सगळ्या झाडांकडे बघून चाललेत, बघ ना. भाव लावत असतील."

"लावू द्या की," बाई म्हणाली. "झाडं कुठं जात्यात."

खरं म्हणजे झाडांकडे बघायला मला ताकद नव्हती. एरवी एवढा जुना हेद दिसला असता तर मी त्याला कवेत घेऊन घेर मोजला असता. त्या दिवशी प्रत्येक झाड म्हणजे फक्त टेकायची जागा होती. हिरवी कच्ची करवंदं वाटेत लटकत होती. बायकोने दोन तोंडात टाकली आणि तोंड वाकडं केलं. वर कुठेतरी शेकरू ओरडत होतं. दोन बाटल्या संपल्या. तिसरी ठेवून द्यायची असं ठरवलं आणि दहा मिनिटांत तीही निम्मी झाली.

पुढे कोरड्या ओढ्याचं पात्र लागलं. त्यातून वर जायचं होतं, म्हणजे म्हशीएवढ्या दगडांवरून. बाई अनवाणी, एका दगडावरून दुसऱ्यावर, जणू घरातल्या घरात चालते आहे. आम्ही दोघं चार पायांवर. एका ठिकाणी दोन पुरुष उंचीचा कातळ, त्याला लोखंडी शिडी टेकवलेली, गंजलेली, हलणारी. गाठोडं घेऊन चढणार कसं? मी पंच्याने ते पाठीला बांधलं. बायको खालून म्हणाली, "अहो, पडलात तर आधी ते वर फेका."

"मी पडलो तरी चालेल?"

"तुम्ही बारा वर्षं ट्रंकेत नव्हता."

वर पोचून मी पोटावर पडून राहिलो, गाठोडं पाठीवर तसंच. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, चौलच्या बाजारात ज्याच्या आवाजाने हमाल सरळ होतात, तो कासवासारखा पालथा पडलेला. मला त्या क्षणी देवी नको होती, मान नको होता. फक्त कोणी ऊठ म्हणू नये एवढं हवं होतं. पायातलं बळ गेलं की माणसाचा रागही जातो, हे मला नवीनच कळलं.

तेवढ्यात ढोल वाजला.

लांबून, वरून, झाडांच्या मागून. आधी एक ठोका, मग सलग. साडेदहा वाजले होते.

बायको शिडीच्या शेवटच्या पायरीवर थांबली. "ढोल वाजतोय."

"तयारी चालली असेल," मी म्हणालो.

बाई आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "पण तो तर लुगडं नेसवताना वाजवत्यात ना वो?"

मी उठलो. पुढची चढण मला नीट आठवत नाही. थकवा गेला नव्हता, तो तसाच होता, त्याच्या वर दुसरं काहीतरी चढून बसलं होतं. कारवीची दाटी, मग उघडा कातळ, डोक्यावर ऊन, मग कोरून काढलेल्या पायऱ्या, प्रत्येक पायरी मांडीएवढी उंच. बायको मागे पडत होती आणि मी तिच्यावर ओरडत होतो. तिचा काय दोष होता? एका वळणावर तिने नुसतं माझ्या हातातलं गाठोडं काढून घेतलं, कमरेवर मुलासारखं धरलं आणि माझ्या पुढे निघाली.

माथ्यावर पोचलो तेव्हा सव्वाबारा झाले होते. देवळासमोर भावकी पंगतीला बसायच्या तयारीत होती. पत्रावळी मांडल्या होत्या. चुलत भाऊ सोवळ्यात, कपाळाला गुलाल.

"अरे, दादा! आलात? वहिनी, बसा, पाणी प्या आधी. कोणत्या वाटेने आलात?"

"तू सांगितलेल्या."

"वाडीच्या? अरे देवा. ती तर गुरांची वाट."

कोणीतरी हसलं. मी सरळ गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत गेलो. देवीच्या अंगावर हिरवंगार लुगडं होतं, जरीच्या काठाचं. पुढ्यात ओटी भरलेली.

"हे कोणाचं?"

"आमचं," भाऊ म्हणाला. "गेल्या साली आमचा मान राहिला नव्हता का, बाबा गेले म्हणून? तो यंदा घेतला. बैठकीत ठरलं ना."

"कोणत्या बैठकीत?"

"शिवरात्रीच्या. तुमचा नारळ आला होता की."

आता हा नारळ सांगायला हवा. आमच्या भावकीच्या बैठकीला ज्या घरचा माणूस येऊ शकत नाही, त्या घराने नारळ पाठवायचा. नारळ आला म्हणजे बैठकीत जे ठरेल ते त्या घराला मान्य. नारळ नाही आला तर ते घर सोडून निर्णय होत नाही, बैठक पुढे ढकलतात. शिवरात्रीच्या दोन दिवस आधी हाच भाऊ माझ्या वखारीत आला होता. मी काशीदला एक घर उतरवत होतो, शिवरात्रीला मी तिथे नसतो तर माल दुसऱ्याने उचलला असता. भाऊ म्हणाला, "तुम्ही कशाला येता दादा? देवळाच्या छपराच्या पत्र्यांचा विषय आहे नुसता. नारळ द्या, मी नेतो." मी माझ्या हाताने त्याला नारळ दिला. वर चहा पाजला.

मी हे सगळं तिथे मोठ्याने बोललो. आवाज फार वर गेला, शिव्याही गेल्या, देवीसमोर. ते मला नाकारायचं नाही. भाऊ शांत होता. तापलेल्या माणसासमोर शांत राहिलं की बघणाऱ्यांना तोच खरा वाटतो, हा धंद्यातला डाव मी स्वतः शंभर वेळा खेळलेलो आहे.

"पत्र्यांचा विषय झालाच," तो म्हणाला. "मग मानाचा निघाला. आता नारळ समोर होता, तर परत पाठवायचा का?"

"तुझ्या बापाने काय सांगितलं होतं? वर्ष गेलं ते गेलं."

"बाबांचं वय झालं होतं तेव्हा. लोकांचं मत बदलतं, दादा. आणि तुमचा कुठे पळून चाललाय मान? पुढच्या वर्षी तुमचा."

आमच्यानंतर ज्यांचा नंबर, त्या घरचे म्हातारे पत्रावळीवरून मान वर करून म्हणाले, "पुढच्या वर्षी आमचा की रे. तसं ठरलं न्हाय आपलं."

"बघू ते," भाऊ म्हणाला.

बघू ते! मी गुरवाकडे वळलो. घासाघीस हा माझा हातखंडा. म्हणालो, हे उतरवा, आमचं नेसवा, मग त्यांचं वरून घाला. गुरव म्हणाला, एकदा अंगावर चढलं की पौर्णिमा संपेपर्यंत उतरवत नाहीत. म्हणालो, मग मी रात्री इथेच थांबतो, उद्या हे उतरलं की आमचं नेसवा. तो म्हणाला, "नेसवू की शेठ, पण उद्या प्रतिपदा. मानाचं नाय व्हायचं ते, नुसतं भक्तीचं व्हईल." म्हणालो, ओटी तरी आमची पहिली धरा. भरलेल्या ओटीकडे त्याने नुसता हात केला. एकेक करत मी खाली येत गेलो आणि तो तिथेच उभा. ज्याला विकायचंच नाही त्याच्याशी भाव होत नाही. शेवटी त्यालाच दया आली. "वरनं घालू तुमचं. देवीला एक काय अन् दोन काय."

"नको," मी म्हणालो. "उष्ट्यावर वाढायला आम्ही भिकारी नाही. चल गं, निघ."

बायको निघाली नाही. तिचा चेहरा उन्हाने लाल झाला होता, साडी गुडघ्यापाशी फाटली होती, हातावर करवंदीचे ओरखडे. ती म्हणाली, "तुम्ही बाहेर जा."

"काय?"

"तुम्ही बाहेर जाऊन भांडा. मी चार तास चढलेय. सासूबाईंनी हे माझ्या हातात दिलंय, तुमच्या नाही." आणि ती सगळ्या भावकीसमोर आत गेली. गाठोडं सोडलं. बारा वर्षांच्या कडुलिंबाचा वास गाभाऱ्यात पसरला. तिने ते जांभळं लुगडं हिरव्यावरून जमेल तसं नेसवलं, निऱ्या घातल्या, खण ठेवला, ओटी भरली. ढोलवाला पंगतीत बसला होता, तो उठला नाही. माझ्या लक्षात आलं की वाट दाखवणारी ती बाई दाराबाहेर उभी राहून टाळ्या वाजवते आहे, हळूहळू, तालात, ढोलाच्या जागी.

मी मोबाइलवर फोटो काढला. आईने तेवढंच मागितलं होतं. आम्ही तिथे जेवलो नाही. पायऱ्यांनी उतरलो. पायऱ्या रुंद, दोन्ही बाजूंना कठडा, मध्ये सरबताची टपरी. तासाभरात खाली. त्या बाईने आम्हाला रस्त्यापर्यंत सोडलं आणि रिक्षा नको म्हणून ती रानातूनच वाडीकडे परत निघाली. मला म्हणाली, "शेठ, गुडघ्याला मोहाचं तेल लावा." गाडी वाडीत होती, ती आणायला रिक्षाने वळसा. घरी पोचायला दिवेलागण झाली.

आई उशीला टेकून जागी होती. सकाळपासून जेवली नव्हती. ओटी पडेपर्यंत जेवायचं नाही, असं तिचं तिनेच ठरवलेलं. बायकोने वाटेत मला बजावलं होतं, काही बोलू नका, नुसता फोटो दाखवा. मी दाखवला. आईने मोबाइल डोळ्यांजवळ नेला. खूप वेळ बघत राहिली. "काठ अजून तसाच हाय," ती म्हणाली. मला वाटलं, निभावलं.

मग म्हणाली, "खालचं हिरवं कोणाचं?"

"ते रोजचं आहे, आई. देवीचं रोजचं."

"रोजचं सुती असतं. ह्याला जर हाय."

मी बायकोकडे पाहिलं. आई आमच्या दोघांकडे बघत होती. ब्याऐंशी वर्षांच्या बाईला काय फसवणार? मी सांगितलं. सगळं सांगितलं, बैठक, पत्रे, नारळ, माझ्या हाताने दिलेला. ती ऐकत राहिली. रडली नाही. मोबाइल माझ्या हातात देत म्हणाली, "म्हंजी वरनं टाकलंय. पाहुण्यासारखं." मग भिंतीकडे तोंड करून झोपली. बायकोने ताट आणलं. तिने घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी थोडी पेज घेतली. तेव्हापासून तिने देवीचं नाव काढलेलं नाही. त्या ट्रंकेला कुलूप असायचं, ते आता नाही. आत काही नाही म्हणून कुलूप नाही.

डॉक्टर म्हणतात, एवढ्या वयात काही सांगता येत नाही. बारा वर्षं तर नाहीच, पण बारा महिनेही कोणी सांगत नाही.

नारळ मी दिला, ती चूक माझी. भोळेपणाने नाही, कामाच्या हावेने दिला, हेही लिहून ठेवतो. काशीदचं घर मी उतरवलं, पण त्या दिवशी मी गावी असायला हवा होतो. माझ्या चुकीचा जाब मी आईला दिलेला आहे, रोज देतो आहे. पण ज्याने पत्र्याचं नाव सांगून नारळ नेला, त्याचं काय? आणि जे अकरा घरचे लोक त्या बैठकीत बसले होते, ज्यांनी बारा वर्षांपूर्वी माझ्या आईला "वर्ष गेलं ते गेलं" म्हणून सांगितलेलं आपल्या कानांनी ऐकलं होतं, त्यांच्यातल्या एकाच्याही तोंडून शब्द का निघाला नाही? एका मरणाला वर्ष जातं आणि दुसऱ्या मरणाला ते नुसतं पुढे सरकतं, हा नियम कुठला? काकांच्या मरणाला वजन होतं आणि माझ्या बापाच्या मरणाला नव्हतं, असं आहे का? असेल तर तसं सांगा.

हे मी भावकीतल्या प्रत्येक घरी पोचवणार आहे. मला फोनवर समजावू नका, मध्यस्थ पाठवू नका, माझ्या वखारीत चहाला येऊ नका. माझ्या घरी या. आईच्या खाटेपाशी स्टूल ठेवलेलं आहे. त्यावर बसा, तिच्याकडे बघा, आणि तिचा मान कोणत्या नियमाने घेतला ते तिला तोंडाने सांगा. ती जिवंत आहे तोपर्यंत या.